आधी लघवीची तपासणी, मग गोळी

पालघर जिल्ह्यातल्या घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर या किनारपट्टीत लघवीला आग व्हायला लागली की पुरुष माणूस सहसा "उन्हाळी लागली" म्हणून सोडून देतो. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, एखादं शहाळं, की झालं. पुष्कळदा एवढ्याने भागतंही, कारण दिवसभर उन्हात होडीवर राहून पोटात पाणी कमी गेलेलं असतं आणि लघवी नुसती दाट झालेली असते. पण दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, ओटीपोट जड वाटू लागलं, बसताना खाली टोचायला लागलं किंवा थंडी वाजून ताप भरला, तर ते उन्हाळीवर निभावणारं दुखणं नाही. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत अशा तक्रारींमागे बरेचदा प्रोस्टेटची सूज असते. नेमक्या याच वळणावर बहुतेक जण आधी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणतात आणि त्याने काम झालं नाही तर तपासणीचा विचार करतात. हा क्रम उलटा हवा. का, ते समजायला आधी ही ग्रंथी कुठे असते आणि काय करते ते पाहू.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदाशयाच्या अगदी पुढे असते. तरुणपणी तिचा आकार अक्रोडाएवढा, वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला सुमारे पाव भाग तिच्या स्रावाचा असतो. त्यात जस्त आणि सायट्रिक आम्ल भरपूर असतं. मूत्रमार्ग या ग्रंथीच्या मधून आरपार जातो, म्हणून ती सुजली की लघवीची वाट आवळते. ग्रंथीच्या आतल्या बारीक नळ्या याच मूत्रमार्गात उघडतात. बाहेरच्या भागातल्या नळ्या जवळजवळ काटकोनात येऊन मिळतात, त्यामुळे लघवीचा जोर वाढला की थोडी लघवी उलटी त्यांच्यात शिरू शकते. लघवीत जंतू असतील तर तेही सोबत आत जातात. आत गेलेले जंतू सहज धुऊन निघत नाहीत, कारण त्या नळ्यांतून मूत्राशयातल्यासारखा रोजचा प्रवाह वाहत नाही. ग्रंथीच्या खाली आणि दोन्ही बाजूंना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात. लघवी आणि शौच रोखायचं काम त्यांचं. हे स्नायू लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावर बरंच बोलायचं आहे.

प्रोस्टेटचं नाव काढलं की घरातल्या माणसांना म्हातारपण आणि कॅन्सर या दोनच गोष्टी आठवतात. प्रत्यक्षात वाढ, कॅन्सर आणि सूज ही तीन निरनिराळी दुखणी आहेत. वाढ वयाबरोबर येते: धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, पण दुखत सहसा नाही. कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. सूज मात्र दुखते, आणि ती विशी-तिशीतल्या पोरालाही होते. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण २ ते १० टक्के पुरुषांत या सुजेची लक्षणं आढळतात. म्हणजे हा आजार दुर्मीळ अजिबात नाही. तो बोलला जात नाही, एवढंच.

न बोलण्याचा विषय निघालाच आहे तर गडचिरोलीची आठवण काढायला हवी. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता, आणि त्यातल्या फारच थोड्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. बायकांचं दुखणं कमरेखालचं म्हणून लपतं, हे त्या अभ्यासाने जगापुढे आणलं. पुरुषांचं कमरेखालचं दुखणंही तसंच लपतं. फरक एवढाच की पुरुषाला ते लपवायला एक तयार दार मिळतं. पश्चिम रेल्वेच्या रुळांलगत भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' आणि 'धात' यांच्या जाहिराती बोईसरहून मुंबईला जाणाऱ्या कुणीही पाहिल्या असतील. लघवीच्या शेवटी किंवा शौचाला जोर दिल्यावर दोन थेंब चिकट पाणी आलं की घाबरलेला तरुण त्या नंबरावर फोन लावतो. ते दोन थेंब पुष्कळदा प्रोस्टेटचा साधा स्राव असतो. त्याने शरीर खंगत नाही, आणि त्यावर नाव नसलेल्या पुड्या खाण्यात धोका आहे, कारण अशा पुड्यांत काय घातलंय ते कुणीच सांगत नाही.

सुजेचे प्रकार समजून घेतले की उपचारातला अर्धा गोंधळ संपतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ साली चार गट ठरवले आणि आज जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ तेच वापरतात. पहिला, जंतूंमुळे एकाएकी आलेली तीव्र सूज. दुसरा, जंतूंमुळेच पण रेंगाळणारी, पुन्हा पुन्हा उलटणारी सूज. तिसरा, ओटीपोटाखालचं जुनाट दुखणं, ज्यात जंतू सापडतच नाहीत. चौथा, काहीही त्रास नसलेली, दुसऱ्याच कारणाने केलेल्या तपासणीत योगायोगाने दिसलेली सूज. तिला बहुधा औषध लागत नाही. गंमत नव्हे, पण लक्षात राहावं असं सत्य हे की दुखणं घेऊन येणाऱ्या दहा जणांतले नऊ तिसऱ्या गटातले असतात. अँटिबायोटिक मात्र दहाच्या दहा जणांना मिळते.

पहिल्या गटापासून सुरुवात करू, कारण त्यात वेळ महत्त्वाची. समजा सकाळी होडीवर गेलेला माणूस दुपारी हुडहुडी भरून परतला. ताप १०२-१०३. कंबर आणि ओटीपोट दुखतंय, अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागी ठणका आहे, लघवी थेंब थेंब आणि आग होत होत उतरतेय. हे मलेरिया-डेंग्यूच्या दिवसांत घडलं तर सगळ्यांचं लक्ष तापाकडेच जातं आणि लघवीबद्दल कुणी विचारत नाही, रुग्णही सांगत नाही. म्हणून तापात डॉक्टरकडे गेलात तर लघवीचा त्रास आहे की नाही हे आपण होऊन सांगायचं. लघवी पूर्ण अडली, ओटीपोट फुगून दगडासारखं लागलं, किंवा माणूस गळून गेला, बरळायला लागला, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ नंबरची रुग्णवाहिका बोलवावी आणि सरळ मोठं रुग्णालय गाठावं. जंतू रक्तात उतरले तर जीव धोक्यात येतो.

रुग्णालयात डॉक्टर गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट चाचपतात. बहुतेक पुरुष याच तपासणीला घाबरून दवाखाना टाळतात, म्हणून ती कशी होते ते सांगून ठेवतो. रुग्णाला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात. हातमोजा घातलेल्या बोटाला भरपूर जेली लावलेली असते. बोट आत जाताना शौचाला आल्यासारखं वाटतं. तोंड उघडून सावकाश श्वास सोडला की स्नायू सैल पडतात. एका मिनिटाच्या आत सगळं संपतं. तीव्र सुजेत ग्रंथी गरम, फुगलेली आणि हात लावू देणार नाही इतकी हळवी लागते. अशा वेळी डॉक्टर हलकेच बोट लावून काढून घेतात. ग्रंथी दाबून चोळत नाहीत, कारण त्याने जंतू रक्तात ढकलले जातात. लघवी अडलेली असेल तर सुजलेल्या मार्गातून नळी ढकलण्याऐवजी ओटीपोटावरून थेट मूत्राशयात बारीक नळी घालणं पुष्कळदा सुरक्षित ठरतं. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण भूल देऊन काही मिनिटांत होतं.

आता मुख्य गोष्ट. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी लघवीचा नमुना घेतला गेला पाहिजे, ताप असेल तर रक्ताचाही. सलाइन लावायच्या आधी दोन मिनिटं यात जातात, उपचाराला उशीर होत नाही. पण एकदा गोळी गेली की लघवीतले जंतू दबतात, प्रयोगशाळेत काहीच उगवत नाही, आणि पुढचे कित्येक आठवडे डॉक्टर अंदाजावर चालतात. त्यातून आपल्याकडे अंदाज फसायची शक्यता मोठी. या आजारात सगळ्यांत जास्त सापडणारा जंतू म्हणजे ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद देशभरच्या मोठ्या रुग्णालयांतल्या जंतूंवर नजर ठेवते. तिच्या अहवालांत दिसतं की तिथे सापडणाऱ्या ई. कोलायपैकी निम्म्याहून अधिक सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. मेडिकलवाला 'लघवीची गोळी' म्हणून बहुधा याच घराण्यातली गोळी देतो.

नमुना द्यायची रीत साधी आहे, पण ती नीट पाळली नाही तर अहवाल फुकट जातो. हात धुवायचे. शिश्नावरची कातडी मागे घेऊन टोक नुसत्या पाण्याने धुवायचं. पहिली थोडी लघवी खाली सोडायची, मग धार न थांबवता मधली लघवी लॅबने दिलेल्या निर्जंतुक बाटलीत धरायची, शेवटची पुन्हा खाली. बाटलीच्या आतल्या बाजूला आणि झाकणाला बोट लावायचं नाही. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. नाहीतर त्यात जंतू वाढत राहतात आणि अहवालातला आकडा खोटा येतो. घिवलीहून रिक्षा मिळून बोईसरच्या लॅबपर्यंत जायला वेळ लागणार असेल तर गारवा हवा. मासळीच्या गावात बर्फाला तोटा नाही: बाटलीचं झाकण घट्ट लावून ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायची आणि बर्फावर ठेवून न्यायची. गोठू मात्र द्यायची नाही. नुसती 'लघवीची तपासणी' आणि 'कल्चर' या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. पहिलीत पेशी आणि साखर दिसते, दुसरीत जंतू वाढवून कुठलं औषध त्याला मारतं ते पाहतात. दोन्ही मागायच्या. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध चालू ठेवतात आणि अहवाल आला की गरजेप्रमाणे बदलतात.

औषध किती दिवस, यावर रुग्ण आणि डॉक्टर यांच्यात सगळ्यांत जास्त ओढाताण होते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, आग थांबते, आणि माणूस गोळ्या बंद करून होडीवर जातो. तीव्र सुजेत औषधाचा एकूण काळ साधारण दोन ते चार आठवडे असतो, रेंगाळणाऱ्या सुजेत चार ते सहा आठवडे. यामागे कारण आहे. प्रोस्टेटच्या आतल्या पेशींचं अस्तर घट्ट विणलेलं असतं आणि त्यातून फार थोडी औषधं पार होतात. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या साध्या जंतुसंसर्गावर उत्तम काम करतं, पण प्रोस्टेटच्या आत पुरेसं पोहोचतच नाही. म्हणून ती गोळी घेऊन चार दिवस बरं वाटतं आणि ग्रंथीत लपलेले जंतू नंतर पुन्हा मूत्राशयात उतरतात. "दर दोन महिन्यांनी लघवीचं इन्फेक्शन होतं" असं सांगणाऱ्या पुरुषाच्या प्रोस्टेटकडे म्हणूनच पाहायला हवं, विशेषतः दर वेळी कल्चरमध्ये तोच जंतू निघत असेल तर.

या दुसऱ्या गटाचा छडा लावायची पद्धत मियर्स आणि स्टेमी या दोघांनी १९६८ साली मांडली, चार बाटल्यांची. आज बहुतेक ठिकाणी तिची सोपी आवृत्ती वापरतात, दोन बाटल्यांची. एका बाटलीत मधली लघवी. मग डॉक्टर बोटाने ग्रंथी हलके दाबून तिचा स्राव मूत्रमार्गात आणतात आणि लगेच दुसऱ्या बाटलीत लघवी घेतात. पहिलीत जंतू नाहीत आणि दुसरीत आहेत, किंवा दुसरीत दहा पटीने जास्त आहेत, तर मुक्काम प्रोस्टेटमध्येच. ताप असताना ही तपासणी करत नाहीत.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधं प्रोस्टेटमध्ये चांगली शिरतात, म्हणून कल्चरमध्ये चालत असतील तर तीच निवडली जातात. पण किनाऱ्यावर राबणाऱ्या माणसाने त्यांच्याबद्दल काही गोष्टी डॉक्टरकडून समजून घ्याव्यात. या गोळ्यांनी कातडी उन्हाला हळवी होते, डॉक्सीसायक्लीनने तर आणखी. बोंबील वाळत घालायला दिवसभर उन्हात उभं राहणाऱ्याची कातडी भाजू शकते. अंग झाकावं, टोपी घालावी. या औषधांनी स्नायूबंध कमकुवत होऊन तुटल्याच्या घटना आहेत, विशेषतः टाचेच्या वरची जाड शीर, आणि जाळं ओढणाऱ्याचा सगळा भार पायांवर असतो. तिथे दुखायला लागलं तर ओढाओढ थांबवून डॉक्टरला कळवावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली येऊ शकते. दूध, ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा लोहाची गोळी यांच्यासोबत घेतल्या तर या गोळ्या पोटातच बांधल्या जातात आणि रक्तात उतरत नाहीत. एक गोष्ट खास आपल्या देशापुरती: याच घराण्यातली औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडंफार दाबतात. प्रोस्टेट आणि मूत्रपिंडाला क्षय होऊ शकतो. लघवीत पू आहे पण साध्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, वजन घटतंय, संध्याकाळी कणकण येते, अशा वेळी अंदाजाने या गोळ्या खात राहिलं तर खरं निदान महिनोन्महिने लांबतं.

मधुमेह्यांना वेगळं सांगायला हवं. साखर हाताबाहेर असलेल्या माणसाच्या प्रोस्टेटमध्ये पुवाची गाठ होऊ शकते. योग्य औषध चालू असून तीन दिवसांत ताप हटत नसेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून ती शोधावी लागते आणि मोठी असेल तर पू काढावा लागतो. कर्नाटकच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात मेलिओइडोसिस नावाचा चिखल-मातीतल्या जंतूचा आजार दिसतो. त्यातही मधुमेही पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये अशा गाठी होतात आणि त्याचा उपचार अगदी निराळा असतो. कल्चरशिवाय तो ओळखू येत नाही.

आता तिसरा गट, दहातल्या नऊ जणांचा. इथे दुखणं तीन महिन्यांहून जुनं असतं. ओटीपोट, जांघ, अंडकोष, शिश्नाचं टोक, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधली जागा, कधी कंबर. वीर्यपतनाच्या वेळी किंवा नंतर दुखतं. बसलं की वाढतं, उभं राहिलं की थोडं कमी होतं. लघवीला घाई. आणि अहवाल सगळे स्वच्छ. घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, डॉक्टर पुन्हा एक अँटिबायोटिक लिहितो. दुखणं खरं असतं, पण जंतूंचं नसतं. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं जुनाट दुखणं असलेल्या आणि अजिबात दुखणं नसलेल्या पुरुषांचे नमुने शेजारी ठेवून तपासले. रोगकारक जंतू दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात निघाले, साधारण ८ टक्क्यांत. पुढच्याच वर्षी १९६ पुरुषांवरच्या चाचणीत सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन, लघवीचा मार्ग सैल करणारी टॅमसुलोसिन किंवा दोन्ही देऊन पाहिलं. नुसत्या खोट्या गोळीपेक्षा त्यांचा ठळक फायदा दिसला नाही. सहा महिने वेगवेगळ्या अँटिबायोटिक खाऊन थकलेल्या माणसाला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. एकदा नीट कल्चर होऊन काही निघालं नाही, आणि एक पुरता कोर्स देऊनही फरक पडला नाही, तर पुढची अँटिबायोटिक फक्त आतड्यातले चांगले जंतू मारते आणि उरलेल्यांना निगरगट्ट करते.

मग दुखतं कशाने? एका कारणाने नाही, आणि म्हणून एका गोळीने जात नाही. कुणाची सुरुवात जुन्या जंतुसंसर्गाने झालेली असते, कुणाची पडल्याने, कुणाची काळजीने. पुढे मज्जातंतू हळवे होतात आणि ओटीपोटाच्या तळाचे ते स्नायू कायमचे आवळलेले राहतात. बोटाने तपासताना ग्रंथीपेक्षा तिच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दाबल्यावर "हेच, हेच दुखतं" असं रुग्ण म्हणाला, तर उत्तर तिथे आहे. मूत्ररोगतज्ज्ञ हल्ली रुग्णाचं दुखणं सहा बाजूंनी पाहतात: लघवी, मन, खुद्द ग्रंथी, जंतू, मज्जातंतू आणि स्नायू. ज्या बाजूला बिघाड, तिथला उपचार. लघवीला अडथळा असेल तर टॅमसुलोसिनसारखी मार्ग सैल करणारी गोळी. ती रात्री घ्यावी, कारण एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, आणि डोलणाऱ्या होडीत ते परवडत नाही. दुखणं आणि सूज उतरवायला काही दिवस वेदनाशामक, पण मूत्रपिंड आणि पोट पाहून. मज्जातंतू हळवे झाले असतील तर रात्री कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन. ती चिठ्ठी पाहून "मला वेड्याचं औषध दिलं" असं पुष्कळांना वाटतं. त्या मात्रेत ती दुखण्यासाठीच दिलेली असते.

स्नायूंसाठी फिजिओथेरपी. २००९ सालच्या एका छोट्या चाचणीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मोकळे करणाऱ्या उपचाराने ५७ टक्के रुग्णांना बरं वाटलं, साध्या मालिशने २१ टक्क्यांना. या कामात तरबेज फिजिओथेरपिस्ट मुंबईत भेटतात, पण डहाणू लोकलने दर आठवड्याला जाणं रोजंदारीवरच्या माणसाला झेपत नाही. एकदोनदा शिकून घेऊन बाकी घरी करता येतं. सुरुवातीचा व्यायाम असा: पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगाच्या काठावर टेकवा. एक हात पोटावर. नाकाने सावकाश श्वास घ्या, हात वर उचलला गेला पाहिजे, छाती नव्हे. श्वास भरताना खालचा भाग सैल सोडा, लघवी सुरू होण्याच्या क्षणी जसं सुटल्यासारखं वाटतं तसं. मग घेतला त्याहून लांब श्वास सोडा. कुठेही आवळायचं नाही. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं. मोबाइलवर पाहून बरेच तरुण नेमकं उलटं करतात, खालचे स्नायू आवळायचे व्यायाम. आधीच आवळलेल्या स्नायूंना त्याने दुखणं वाढतं.

मोजदाद ठेवायला एक प्रश्नावली आहे, नऊ प्रश्नांची, ४३ गुणांची: दुखणं, लघवी आणि रोजच्या जगण्यावरचा परिणाम. महिन्यातून एकदा भरून गुण सहाने उतरले तर उपचार लागू पडतोय असं धरतात. दुखणं एका रात्रीत जात नाही, त्यामुळे कागदावरचा आकडा धीर देतो.

बायकोचे प्रश्न घरात विचारले जात नाहीत, म्हणून इथे उत्तर देतो. तिसऱ्या गटाचं दुखणं लागत नाही, ते कुणाच्या बाहेरच्या संबंधांचा पुरावा नाही, आणि संबंध ठेवल्याने ग्रंथी बिघडत नाही. तरुण पुरुषात गोनोरिया किंवा क्लॅमिडिया निघाला तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोघांनीही औषध घ्यायचं, बरं होईपर्यंत संबंध टाळायचे, पुढे निरोध वापरायचा.

या भागात आणखी एक प्रश्न हमखास निघतो: हे तारापूरच्या कारखान्यांमुळे किंवा अणुकेंद्रामुळे होतं का? १९६९ पासून अणुवीज केंद्र शेजारी आहे, औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जातं, आणि मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने त्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात लढा दिला. तो लढा मासळीसाठी आणि पाण्यासाठी रास्तच आहे. पण प्रोस्टेटच्या सुजेची ठाऊक असलेली कारणं जंतू, अडलेली लघवी, आवळलेले स्नायू आणि हळवे मज्जातंतू ही आहेत, आणि उपचारही त्यांच्यावरच करावा लागतो. दोष किरणांवर टाकून कल्चर टाळलं तर नुकसान रुग्णाचंच.

टाळण्यासारखं बरंच काही आपल्या हातात आहे, आणि ते कामाच्या जागी आहे. कारखान्यातल्या पाळीत मशिन सोडता येत नाही म्हणून चार-पाच तास लघवी दाबून धरणारे कामगार, स्टँडवर नंबर जाईल म्हणून न उठणारे रिक्षावाले, होडीवर पाणी पुरवून पिणारे खलाशी: तिघांचीही लघवी दाट होते आणि साचून राहते. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. होडीवर माणशी पाण्याचा कॅन जादा चढवणं हे तांडेलाचं काम आहे. तिथे काटकसर नको. बाईकवर किंवा रिक्षात सलग बसणाऱ्याने तासाभराने उतरून चार पावलं टाकावीत. बद्धकोष्ठ असेल तर आधी तो सोडवावा, शौचाला कुंथल्याने तेच स्नायू आवळतात. चालणं, पोहणं यांचा जुनाट दुखण्यात फायदा होतो. ताडी-दारू आणि जळजळीत तिखट सगळ्यांना बाधतंच असं नाही, पण ज्याला दुसऱ्या दिवशी दुखतं त्याने दोन आठवडे सोडून पाहावं. मधुमेह आवाक्यात ठेवणं हा पन्नाशीपुढच्या माणसासाठी यातला सगळ्यांत मोठा उपाय. घरात कुणाला कायमची लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली टांगावी, म्हणजे लघवी उलटी जात नाही.

औषध संपल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा कल्चर करावं, त्रास नसला तरी. आणि पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीबद्दल एक इशारा. हल्ली पॅकेजमध्ये ती सरसकट करतात. सुजेच्या दिवसांत पीएसए कित्येक पटीने वाढतं आणि चाराच्या वर आकडा दिसला की घरात कॅन्सरची भीती शिरते. सूज असताना ही तपासणी करूच नये. झालीच असेल तर उपचार पूर्ण झाल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून पुन्हा करावी. तेव्हाही आकडा वरच राहिला, किंवा लघवीतून रक्त जात असेल, तर आधीचे सगळे अहवाल, कल्चरच्या कागदांसकट, घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे जावं. एमआरआय किंवा बायोप्सी लागेल की नाही, हे ते त्या कागदांवरून ठरवतील.